श्रीधररावांनी दिलेला वन्स मोअर

गणपती बसले की कर्वेनगरच्या मधुमालती सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. पार्किंगवरून भांडण होतं आणि पद्मजाबाई खांबेट्यांचा सत्कार होतो. भांडणाला तयारी लागत नाही. सत्काराला मात्र शाल, नारळ आणि स्पीकरवर त्यांच्या जुन्या सिनेमातलं झुल्याचं गाणं लागतं. गाणं वाजून झालं की सेक्रेटरी माईक हातात घेतात आणि जणू यंदाच सुचलंय अशा थाटात सांगतात, की हा स्वर्गीय आवाज आपल्या बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि मेंटेनन्सही वेळेवर भरतो. मग टाळ्या. मग आग्रह. "दोनच ओळी, पद्मजाताई."

पद्मजाबाई उठतात आणि दोन ओळी म्हणतात. त्यांचा आवाज भरदार, छातीतून येणारा, माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाची डुलकी मोडण्यासाठी कमावलेला. स्पीकरवरचा आवाज मात्र नाजूक, पातळ, खडीसाखरेत घोळलेला. ऐकणारे एकमेकांकडे बघतात. सेक्रेटरींच्या पत्नी वृंदावहिनी जवळ येतात, पद्मजाबाईंचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "वय झालं की आवाज बदलायचाच हो. वाईट नाही वाटून घ्यायचं."

"अहो वहिनी, ते गाणं मी गायलेलंच नाही. पडद्यावर मी आहे. आवाज दुसरीचा आहे."

हे पद्मजाबाई दरवर्षी सांगतात. माईकवरूनही सांगून झालंय. त्यावर सर्वांत मोठी टाळी पडते. एका वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांनी आभार मानायचे सोडून कलावंताच्या विनयावर इतकं लांबलचक भाषण केलं, की आरतीला उशीर झाला आणि प्रसादाचा शिरा गार पडला. आपल्या शहरात कोणी स्वतःबद्दल चांगलं सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवायची पद्धत नाही, हे पद्मजाबाई लहानपणापासून जाणून होत्या. वाईट सांगितलं तरी ठेवत नाहीत, हे त्यांना सत्कारांमुळे कळलं.

सत्काराच्या वेळी त्यांचे यजमान श्रीधरराव मांडवात नसतात. झुल्याच्या गाण्याची सुरुवात कानावर पडली की ते पिशवी घेतात आणि मंडईला निघतात. ऐन गणपतीत मंडईला भाजी आणायला जाणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा घरातून पळालेला. भाजी सोसायटीच्या फाटकाशीच मिळते. पण कर्वेनगरच्या मेथीला चव नसते असं श्रीधररावांचं मत आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली, मतं नाही सोडली.

कौतुक करण्याच्या बाबतीत या गृहस्थांचा हात फार आखडता. हापूस आंब्याला ते "ठीक" म्हणतात. ताजमहालाला "ठीक आहे, ऊन फार" म्हणाले होते. त्याच्या वरची पायरी म्हणजे "बरं आहे". ते त्यांनी उभ्या आयुष्यात फार थोड्या वेळा वापरलं असेल, त्यात एकदा गुडघ्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसाठी, आणि तेही भूल पूर्ण उतरली नसताना. बायकोच्या गाण्याबद्दल घरात चकार शब्द नाही. जे सांगायचं ते थिएटरात तिकीट काढून सांगितलं की झालं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

थिएटरात सांगायचं म्हणजे कसं, हे संगीत नाटक न पाहिलेल्यांना समजावून द्यायला हवं. संगीत नाटकात एखादं पद आवडलं की प्रेक्षक ओरडतो, "वन्स मोअर!" आणि मग राजा मरणाच्या दारात असो की नायिकेने नुकतंच विष घेतलेलं असो, नट उठतो आणि तेच पद पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. विष थांबतं, मरण थांबतं, ऑर्गनवाला पुन्हा पट्टी धरतो. शहाण्या माणसाला हे पटायचं नाही. पण वन्स मोअर मिळाला की थांबायचं नाही, हा त्या रंगभूमीवरचा कायदा. तो मोडल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

पद्मजाबाई रंगमंचावर पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा संगीत नाटकाची भरभराट सरून गेली होती. पेठेतलं नाट्यगृह निम्मं रिकामं, आणि जे भरलेलं होतं ते बरंचसं फुकट पासांनी. मूळ नायिकेला कावीळ झाली म्हणून ही कोवळी मुलगी ऐनवेळी नऊवारी नेसून आली होती. तिने पहिलं पद म्हटलं. पद संपलं. कोणी खोकलं, कोणी पुडीतल्या शेंगदाण्याची सालं फुंकली. एवढ्यात बाल्कनीतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

पद्मजाने वर पाहिलं. पांढऱ्या शर्टातला एक सडपातळ तरुण एकटाच उभा होता. तिने पद पुन्हा म्हटलं आणि या खेपेला ती फक्त बाल्कनीसाठी गायली. पुढच्या प्रयोगाला तो पुन्हा होता. त्याच्या पुढच्यालाही. वर्ष सरायच्या आत लग्न झालं. घरच्यांनी पत्रिका बघितली. पद्मजाने तो वन्स मोअर बघितला होता.

लग्नानंतर एकदा मेथी निवडताना तिने लाडाने विचारलं, "अहो, त्या दिवशी माझ्या गाण्यात नक्की काय आवडलं होतं हो?"

"कधी?"

"पहिला वन्स मोअर दिलात तेव्हा."

"तेव्हा होय. सायकल लावायला जागाच मिळेना. आत येईस्तोवर पद संपत आलेलं. म्हटलं, पुन्हा म्हणायला लावावं, म्हणजे पूर्ण ऐकता येईल."

पद्मजा बराच काळ त्यांच्याशी बोलली नाही. श्रीधररावांच्या हे लक्षात आलं होतं की नाही, याबद्दल घरात अजून दुमत आहे. शेवटी तिनेच न राहवून विचारलं, "आणि पूर्ण ऐकल्यावर?"

"पूर्ण ऐकल्यावर लग्न केलं ना?" श्रीधरराव म्हणाले आणि पेपरची घडी उलटली.

तेव्हापासून तिने त्यांच्याकडून गोड शब्दांची आशा सोडली आणि वन्स मोअरवर संसार केला. तो पैलतीरावरून आल्यासारखा क्वचित यायचा. आवाज लागला नसेल तर बाकीचं थिएटर ओरडलं तरी श्रीधरराव हाताची घडी घालून बसायचे. मेहेरबानी म्हणून दिलेला एकही नाही. वर्तमानपत्रातले समीक्षक नाटक न बघताही 'सुश्राव्य' लिहायचे. पद्मजाबाई पडदा पडला की फक्त एवढंच आठवायच्या, की आज बाल्कनीतून आला होता का. आला असेल तर घरी परतताना त्या सायकलच्या मागच्या सीटवर गुणगुणायच्या. नसेल तर दोघंही गप्प असायची.

मग नागोराव आले. नागोरावांच्या शेतावर शहर आलं होतं, शेत गेलं होतं आणि हाती भरपूर पैसा आला होता. तो त्यांनी सिनेमात घालायचं ठरवलं. संगीत नटीची प्रेमकहाणी, गाणीच गाणी, आणि नायिका खरीखुरी रंगभूमीवरची. जाहिरात आधीच ठरली होती, 'गायिका-नायिका, स्वतःच्या आवाजात'. पद्मजाबाई सहा गाणी गायल्या. नागोरावांनी हेडफोन काढून ठेवला आणि चहा मागवला.

"बाई, आवाज तुमचा चांगला हाय," ते म्हणाले, "पर लई जाड हाय. हिरॉईनचा आवाज कसा पायजे? पातळ. तुमी गायला लागला की वाटतंय, ही बया हिरोला उचलून नेती का काय."

गाणी पुन्हा रेकॉर्ड झाली. मुंबईहून आनंदी नावाची एक बारकीशी मुलगी आणली, तिच्याकडून गाऊन घेतलं, आणि टायटलमध्ये नाव मात्र पद्मजाबाईंचंच ठेवलं, कारण जाहिरात छापून झाली होती. छापलेली जाहिरात बदलणं नागोरावांना पटेना. ती मुलगी स्टुडिओच्या दारात पद्मजाबाईंच्या पाया पडली आणि रडली. "ताई, मी नाही म्हणाले असते तर दुसरीला आणलं असतं," ती म्हणाली. पद्मजाबाईंनी तिला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला. पुढे ती लग्न होऊन परदेशी गेली असं कळलं. तिला कोणत्याही सोसायटीने शाल दिली नाही. पद्मजाबाईंना सत्काराच्या वेळी कधीकधी तिचाच विचार येतो आणि लोकांना वाटतं, बाई भावुक झाल्या.

पहिल्या खेळाला श्रीधरराव आले होते. पडद्यावर झुला हलला, पद्मजाबाईंचं तोंड उघडलं आणि त्यातून आनंदी गायली. थिएटर वेडं झालं. बाहेर पडताना पद्मजाबाईंनी भीतभीत विचारलं, "कसं वाटलं?"

"ठीक. ती तुझ्यासारखी दिसणारी बाई कोण होती?"

सिनेमा चालला आणि पद्मजाबाईंचं गाणं बसलं. नाटकाला गर्दी व्हायला लागली, पण झुल्याच्या आवाजासाठी. स्टेजवरून भलताच आवाज आला की लोक चुळबुळायचे, कोणी म्हणायचं घसा बसलाय, कोणी म्हणायचं सिनेमाने डोकं फिरलं, मुद्दाम नीट गात नाहीत. त्या खरं सांगायच्या आणि विनयशील ठरायच्या. निर्माते हळूहळू फोन करेनासे झाले. पद्मजाबाईंनी घरी शिकवण्या सुरू केल्या. शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया दारातच सांगायच्या, "हिला ते झुल्याचं बसवून द्या." बाल्कनीतला शेवटचा वन्स मोअर कधी आला होता हे पद्मजाबाईंना पक्कं आठवतं, पण त्या कोणाला सांगत नाहीत.

आणि मग, इतकी वर्षं लोटल्यावर, गेल्या वर्षी केयूर आला.

केयूर हा दिग्दर्शक. वय बेताचं, दाढी मोठी. मूळचा सदाशिव पेठेतला, पण मुंबईत राहून बोलणं असं झालं होतं, की वाक्यातलं मराठी शोधावं लागे. त्याला संगीत रंगभूमीवर म्युझिकल फिल्म करायची होती. तो सोफ्यावर न बसता जमिनीवर बसला, आणि श्रीधररावांना तिथेच संशय आला.

"ताई, मला सगळं ऑथेंटिक हवंय. नो डबिंग. तुम्ही स्टेजवर गाणार आणि तेच लाइव्ह रेकॉर्ड होणार."

"माझाच आवाज?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"ऑफ कोर्स! तुमच्या आवाजासाठीच तर आलोय."

पद्मजाबाईंनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने छातीवर हात ठेवला. त्या रात्री त्यांनी श्रीधररावांना सांगितलं, "अहो, मरायच्या आधी एकदा माझ्या तोंडातून माझा आवाज आलेला बघायचाय मला. मग काही नको." श्रीधररावांनी हुं केलं आणि सकाळी उठून त्यांच्यासाठी ज्येष्ठमध आणून ठेवला. रियाज सुरू झाला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, पहाटे पहाटे बी विंगमध्ये मिक्सर कोण लावतं.

शूटिंग पेठेतल्या त्याच नाट्यगृहात होतं. प्रेक्षक म्हणून भाड्याची माणसं आणली होती आणि त्यांना पगड्या, उपरणी घातली होती. श्रीधरराव बायकोला सोडायला आले होते. त्यांचा चेहरा 'पिरियड' आहे म्हणून त्यांनाही पुढच्या रांगेत बसवलं. एकाने त्यांच्या डोक्यावर लाल पगडी ठेवली.

"मी पाटबंधारे खात्यात होतो," श्रीधरराव म्हणाले, "पेशव्यांकडे नाही."

केयूरने सगळ्यांना सूचना दिली. गाणं चालू असताना हूं की चूं नाही. कट म्हणेपर्यंत शांतता. वन्स मोअर नंतर डब करू.

"वन्स मोअर आधी ठरवून देतात?" श्रीधररावांनी विचारलं.

"काका, ते साउंडवाले बघून घेतील."

ऑर्गनवर एक पिकलेले गृहस्थ होते, पद्मजाबाईंच्या जुन्या कंपनीतले. त्यांनी पट्टी दिली. पद्मजाबाईंनी सूर लावला तो जरा दबकत. पहिल्या ओळीत श्वास अपुरा पडला, तबलजीने सांभाळून घेतलं. अंतऱ्याला आल्यावर मात्र त्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडलं आणि सवयीने नजर बाल्कनीकडे गेली. तिथे लाइट लावणारा माणूस होता. नजर खाली आली, पुढच्या रांगेत, लाल पगडीखाली. तिथून गाणं उघडत गेलं. शेवटच्या ओळीत वरच्या सुरावर आवाज चिरला. तरुणपणी त्यांनी तो झाकला असता. आता त्यांनी तो चिरलेला सूरच धरून ठेवला, न थरथरता खाली आणला, आणि समेवर येणार एवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची वाजली. श्रीधरराव गुडघ्याचं ऑपरेशन विसरून उभे राहिले होते. पगडी मागे पडली.

"वन्स मोअर!"

"कट! कट! काका, काय करताय!" केयूर धावत आला.

पण वन्स मोअर मिळाला होता. ऑर्गनवाल्यांनी केयूरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पट्टी धरली, तबलजीने हात टाकला आणि पद्मजाबाईंनी पद पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. केयूर चार वेळा कट म्हणाला. मग तोही गप्प झाला. भाड्याच्या प्रेक्षकांनी मोबाइल खिशात घातले. तेव्हा त्या जे गायल्या ते पहिल्यापेक्षा कितीतरी वरचं होतं. ते कुठेही रेकॉर्ड झालं नाही, कारण कॅमेरा आणि माईक दोन्ही कटला बंद झाले होते. नव्या माणसांना शिस्त फार.

संपल्यावर केयूर डोळे पुसत होता. नाट्यगृहाची वेळही संपली होती, बाहेर कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन ताटकळलं होतं. "मॅजिक!" तो म्हणाला. "पहिलाच टेक ठेवणार. काकांच्या वन्स मोअरसकट. असं रिअल कोणी ॲक्टिंग करून देणार नाही."

घरी येताना रिक्षात पद्मजाबाई गुणगुणत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. श्रीधरराव खिडकीबाहेर बघत होते, पण गप्प बस म्हणाले नाहीत.

काही महिन्यांनी केयूरने दोघांना बिबवेवाडीला बोलावलं. एका जिमच्या खाली तळघरात साउंड स्टुडिओ होता. वर कोणी डंबेल टाकलं की छतावरून धप्पकन आवाज यायचा. ओवी नावाची मुलगी मशीनसमोर बसली होती. केयूर म्हणाला, "ताई, सरप्राइज आहे," आणि दिवे घालवले.

पडद्यावर पद्मजाबाई उभ्या होत्या. सुरकुत्या, पांढरी बट, नाकात नथ. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून आनंदी गायली.

तो आवाज पद्मजाबाईंना ओळखायला वेळ लागला नाही. त्याच्यासोबत त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं.

"एआय!" केयूर अंधारातून म्हणाला. "ताई, तुमचं झुल्याचं गाणं ऐकत मी मोठा झालो. त्या गाण्यावरून मॉडेल ट्रेन केलं आणि तुमच्या आत्ताच्या गाण्यावर चढवलं. तुमचा ओरिजिनल आवाज मी तुम्हाला परत दिलाय."

"केयूर," पद्मजाबाई म्हणाल्या. "अरे, तो आवाज माझा नाही. मी झुल्याचं गाणं गायलेलं नाही. एका दुसऱ्या मुलीने गायलंय. हा माझा आवाज नाही रे."

केयूरने छातीवर हात ठेवला. "हेच," तो भारावून म्हणाला. "हाच विनय आमच्या पिढीत नाही."

पद्मजाबाईंना रडू आलं. रागाचं, लाजेचं आणि थकव्याचं एकत्र. पडद्यावर गाणं शेवटाला आलं होतं. लाल पगडीतले पाठमोरे श्रीधरराव उठले, पगडी पडली, ते ओरडले.

"थांबवा," तळघरातले श्रीधरराव म्हणाले.

ओवीने थांबवलं.

"माझा वन्स मोअर काढून टाका."

"काका, तो तर हायलाइट आहे!"

"असेल. तो मी या बाईला दिलेला नाही."

"काका, हा काकूंचाच तर आवाज आहे, तरुणपणचा."

"तरुणपणी मी तिथे होतो," श्रीधरराव म्हणाले. "तुम्ही नव्हतात."

केयूर एकदम कोणाला तरी ओळखल्यासारखा पद्मजाबाईंकडे बघायला लागला. त्याला पटलं असावं. मग तो खाली बघत म्हणाला, "खरं असेलही, ताई. पण आता पोस्टर छापलंय. 'तोच आवाज, पुन्हा.' प्रोड्यूसर त्या आवाजावरच उभा आहे. मला मागे नाही जाता येणार."

छापलेल्या जाहिरातीपुढे याही पिढीचं काही चालत नव्हतं. नागोराव असते तर त्यांना आनंद झाला असता.

"मग तुमचा आवाज तुम्ही ठेवा," श्रीधरराव म्हणाले. "माझा मला परत द्या. मी आजवर खोटा वन्स मोअर दिलेला नाही."

ओवी मशीनकडून वळली. ती म्हणाली, "काढता येईल, काका. पण मग शेवटची ओळही जाईल, तिथेही तो एआयचा आवाज घालावा लागेल. कसंय, तुम्ही ताईंची ओळ संपायच्या आधीच ओरडलात. तुमचा आवाज आणि त्यांचा आवाज एकमेकांत अडकलेत. सॉफ्टवेअरला सोडवताच येईनात. म्हणून तिथपासून ओरिजिनल ठेवलंय."

"ओरिजिनल म्हणजे?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही गायलात ते."

तिने तेवढाच तुकडा लावला. श्रीधररावांच्या ओरडण्याखाली, घासून, चिरून, तो सूर खाली येत होता. भरदार. छातीतून. अख्ख्या सिनेमात पद्मजाबाईंचा म्हणून तेवढाच उरला होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी डंबेल टाकलं.

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आताही नुसतं बघितलं. श्रीधररावांनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला, पुन्हा घातला.

"राहू दे," ते म्हणाले.

"थँक यू, काका!" केयूर म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही." मग ते ओवीकडे वळले. "माझा आवाज जरा कमी करा. तिचा ऐकू आला पाहिजे."

"तुमचा कमी केला की त्यांचाही कमी होतो, काका."

"मग राहू दे तसाच."

सिनेमा लागला. पुण्यात तर चर्चाच चर्चा. या वयात हा आवाज! वाहिन्यांनी मुलाखती घेतल्या, पद्मजाबाईंनी खरं सांगितलं, ते 'कलावंताची नम्रता' या मथळ्याखाली छापून आलं. मधुमालती सोसायटीने यंदा दोन शाली दिल्या. वृंदावहिनींनी त्यांना मांडवाच्या कोपऱ्यात गाठलं.

"गाणं अप्रतिम हो. आम्ही दोनदा बघितलं. राग मानू नका, पण स्पष्ट सांगते. शेवटी तो कोणी पाठमोरा मेला मध्येच ओरडतो ना, तिथे तुमचा आवाज फाटला. तेवढं पुन्हा घ्यायला हवं होतं."

पद्मजाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. वृंदावहिनींना कळेना, बोलल्याचं वाईट वाटलं की काय. पद्मजाबाई त्यांना दोनदा थँक्यू म्हणाल्या, शाली तिथेच खुर्चीवर विसरल्या आणि जिना चढून वर गेल्या.

श्रीधरराव मंडईतून आले होते. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून घेवड्याच्या शिरा काढत होते.

"वृंदावहिनी म्हणाल्या, शेवटच्या ओळीत आवाज फाटला."

"कोणाचा?"

"माझा."

श्रीधररावांनी आणखी दोनतीन शेंगा मोडल्या.

"तेवढंच बरं होतं," ते म्हणाले.

पद्मजाबाई ओट्याशी वळल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली मांडवात झुल्याचं गाणं पुन्हा लागलं होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली, टेबलाशी आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"वन्स मोअर," त्या म्हणाल्या.

श्रीधररावांनी चष्म्यावरून बघितलं. कायदा त्यांनाही माहीत होता. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"बरं होतं," ते पुन्हा म्हणाले.